दोर की दांडी? घरी बनवलेल्या स्लेजची पार्श्वभूमी

लहान मुलांची प्लॅस्टिकची घसरगाडी, तिच्या काठाला पाडलेली भोकं, त्यांतून ओवलेला दोर, दोन पीव्हीसी पाइप आणि कमरेचा रुंद पट्टा. अमेरिका-कॅनडात भर हिवाळ्यात रानात मुक्कामाला जाणारी हौशी मंडळी एवढ्या सामानातून दुपारभरात स्लेज, म्हणजे बर्फावरून ओढायची बिनचाकाची गाडी, तयार करतात. तंबू, स्टोव्ह, आठवड्याचा शिधा, असं पाठीला न पेलणारं ओझं तिच्यावर बांधतात आणि ओढत नेतात. या गाडीला ते ‘पल्क’ म्हणतात. बघणाऱ्याला हा स्वस्तातला जुगाड वाटतो. इतिहास मात्र उलटं सांगतो. स्लेज मुळात घरीच बनत होती. कारखान्यातली आणि आरमारातली जड स्लेज मध्येच कुठेतरी आली, आणि ती फारशी यशस्वीही झाली नाही.

सैबेरियाच्या उत्तरेला झोखोव्ह बेटावर स्लेजचे अवशेष सापडले आहेत, ते जवळपास 9,000 वर्षांपूर्वीचे मानले जातात. म्हणजे चाकापेक्षा ही गाडी कितीतरी जुनी. आपल्याकडे ढेकळं फोडायला बैलांमागून फिरणारी फळीही बिनचाकाचीच, पण तिला जमिनीशी घासायचंच असतं. स्लेजला घासणं टाळायचं असतं, आणि ते कसं टाळायचं हे बर्फावर अवलंबून. कॅनडाच्या जंगलात बर्फ भुसभुशीत आणि खोल. तिथल्या मूळ रहिवाशांनी पातळ फळ्या वाफवून पुढचं टोक वर वळवलं आणि सपाट टोबोगन बनवली. ती बर्फात रुतत नाही, वर तरंगते. समुद्रावरच्या कडक बर्फासाठी आर्क्टिकमधल्या इनुइट लोकांनी खाली घसरणाऱ्या दोन उंच पट्ट्यांवर आडव्या फळ्या बांधून कामुतीक ही गाडी केली. खिळा एकही नाही, सगळं चामड्याच्या वाद्यांनी बांधलेलं. उंचसखल बर्फावर गाडी अंग मुरडते, मोडत नाही. लाकूड मिळत नसे तिथे देवमाशाचं हाड चाले. गोठवलेले मासे कातड्यात गुंडाळून त्यांच्या पट्ट्या केल्याच्याही नोंदी आहेत. स्कँडिनेव्हियाच्या उत्तरेत सामी लोकांची रेनडियरमागची गाडी होडीच्या आकाराची. ‘पल्क’ हा शब्द तिकडचाच.

एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश आरमार आर्क्टिकमध्ये शिरलं आणि या सगळ्या शहाणपणाकडे बहुतांशी पाठ फिरवून स्वतःच्या स्लेज घेऊन गेलं. सर जॉन फ्रँकलिन यांच्या हरवलेल्या मोहिमेचा शोध घेताना 1859 मध्ये किंग विल्यम बेटावर लिओपोल्ड मॅक्लिंटॉक यांच्या तुकडीला एक होडी सापडली, ओकच्या अवजड स्लेजवर ठेवलेली. होडी आणि स्लेज मिळून वजन मॅक्लिंटॉक यांनी 1,400 पौंड, म्हणजे सुमारे 635 किलो धरलं. आत दोन सांगाडे होते, आणि रेशमी रुमाल, साबण, सपाता, पुस्तकं, चांदीचे काटे-चमचे. उपाशी, आजारी माणसं हे ओढत होती. दोष एकट्या स्लेजचा नव्हता, पण असली गाडी माणसाला खाते एवढं खरं.

वळण आलं ते नॉर्वेतून. फ्रिट्जॉफ नान्सेन यांना 1888 मध्ये ग्रीनलंड आडवं पार करायचं होतं, तेही कुत्र्यांशिवाय. सहा माणसं, त्यांत दोघे सामी. नान्सेन यांनी आदर्श म्हणून आरमारी स्लेज न घेता नॉर्वेच्या खेड्यांत लाकडं-चारा वाहायला वापरली जाणारी, स्कीसारख्या रुंद पट्ट्यांची गाडी घेतली. ॲश झाडाचं लाकूड, सांधे वादीने आवळलेले, वजन जेमतेम 12-13 किलो. वारा पाठीवर आला की दोन-तीन गाड्या जोडून तंबूच्या तळाच्या कापडाचं शीड उभारायचं. मग गाडी इतकी पळे की पुढे स्कीवर उभ्या माणसाला तिला बांधलेला बांबू धरून दिशा द्यावी लागे, टांग्याच्या दांडीसारखा. पुढची कित्येक दशकं ध्रुवीय मोहिमा ‘नान्सेन स्लेज’च वापरत राहिल्या.

थंडीचा एक धडा मात्र बाकी होता. बर्फावर पट्टी घसरते त्यात घर्षणाच्या उष्णतेने सुटणाऱ्या पाण्याच्या सूक्ष्म थराचा मोठा वाटा असतो. थंडी फारच वाढली की हा थर धरत नाही. 1911 च्या हिवाळ्यात रॉबर्ट स्कॉट यांच्या मोहिमेतले तिघं अंटार्क्टिकाच्या अंधारात, उणे 60 अंशांपर्यंतच्या थंडीत मिळून सुमारे 340 किलोच्या दोन स्लेज घेऊन निघाले. बर्फ वाळूसारखा झाला. दोन्ही गाड्या एकदम हलेनात, म्हणून एक पुढे न्यायची, परत यायचं, दुसरी न्यायची. एक मैल सरकायला तीन मैल चाल. पुढच्या वर्षी दक्षिण ध्रुवावरून परतताना मेलेल्या खुद्द स्कॉट आणि सोबत्यांचे मृतदेह सापडले तेव्हा त्यांच्या स्लेजवर सुमारे 16 किलो दगड होते, शेवटपर्यंत ओढलेले. त्यांत ग्लॉसोप्टेरिस या वनस्पतीचे जीवाश्म निघाले. नागपूर-चंद्रपूर भागात कोळशाच्या खडकांत याच वनस्पतीचे ठसे मिळतात. दोन्ही भूभाग कधीकाळी गोंडवन नावाच्या प्राचीन महाखंडात एकत्र होते याचा हा पुरावा. फ्रँकलिनच्या माणसांचे काटे-चमचे आणि हे दगड, दोन्ही ओझीच. माझं मन दुसऱ्या ओझ्याकडे झुकतं.

प्लॅस्टिकने खालच्या पट्ट्यांचा प्रश्न बराच सोपा केला. पॉलिथिलीन हलकं, स्वस्त, पाणी न धरणारं, आणि ते नावेसारख्या साच्यात सहज ओतता येतं. म्हणजे आकार पुन्हा सामी गाडीचाच. घरी बनवणाऱ्याचं डोकं खर्च होतं ते माणूस आणि गाडी यांच्यामधल्या जागेत. नुसता दोर चढावर आणि सपाटीवर ठीक. उतारावर तो सैल पडतो आणि चाळीस किलोचं ओझं मागून येऊन पोटऱ्यांवर आदळतं. म्हणून दोर कडक पाइपातून ओवतात: ओढताना ताण दोरावर, उतरताना गाडी थोपवायला पाइप. दोन्ही दांड्या मध्ये फुलीसारख्या ओलांडल्या की वळणावर गाडी पावलांच्या मागावरून येते. तिरक्या उतारावर ती कडेला घसरू नये म्हणून तळाशी, मागच्या बाजूला, ॲल्युमिनियमच्या उभ्या पट्ट्या ठोकतात.

गुलमर्गला गेलेल्या मराठी पर्यटकाने दोरवाली स्लेज पाहिलेली असते. चढावर स्लेजवाला दोर खांद्यावर घेऊन ओढतो. उतारावर दांडी नसतेच. मग तो स्वतः पुढे बसतो, गिऱ्हाइकाला मागे धरायला सांगतो आणि बुटांच्या टाचा बर्फात रोवत खाली येतो.