खासगी शाळेतल्या शिक्षकांना ग्रॅच्युइटी मिळत नाही?

‘विनाअनुदानित खासगी शाळेत ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम) नसते, ती सरकारी शिक्षकांना’ असं स्टाफरूममध्ये अजूनही ठामपणे सांगितलं जातं. हे चूक आहे, आणि या समजुतीपायी कित्येक शिक्षक राजीनामा देऊन हक्काचे पैसे न मागताच निघून जातात.

समजुतीला मूळ आहे. 1972च्या ग्रॅच्युइटी कायद्यातल्या ‘कर्मचारी’ या व्याख्येत शिक्षक बसत नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये दिला होता. शाळेतल्या लिपिकाला ग्रॅच्युइटी मिळे, शिकवणाऱ्याला नाही. पण संसदेने 2009 मध्ये व्याख्याच बदलली, तीही 3 एप्रिल 1997पासून लागू होईल अशी. खासगी शाळांनी या दुरुस्तीला आव्हान दिलं. 29 ऑगस्ट 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. लोकांच्या लक्षात मात्र जुना निकालच राहिला.

दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या शाळेत सलग पाच वर्षं नोकरी झाली, की निवृत्तीच नव्हे, राजीनामा दिला तरी हक्क लागू होतो. हिशेब साधारण असा: शेवटचं मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, त्याला 26ने भागून 15ने गुणायचं, मग सेवेच्या वर्षांनी. 26,000 रुपये आणि दहा वर्षं म्हणजे दीड लाख. ही रक्कम लहान नाही.

‘आमच्याकडे तशी पद्धत नाही’ हे उत्तर कायद्यापुढे टिकत नाही. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. नेमणूकपत्र आणि पगाराच्या पावत्या मात्र पहिल्या दिवसापासून जपा, कारण वाद बहुधा सेवेच्या तारखांवरच होतो.