गो : इंग्रजी क्रियापद

गो हे इंग्रजीतील अत्यंत वापरातले क्रियापद. मूळ अर्थ ‘जाणे’, म्हणजे असलेल्या जागेपासून दूर होणे. मराठी शाळांमधून पिढ्यान्‌पिढ्या ते ‘गो, वेंट, गॉन’ अशा तालावर पाठ केले जाते. मधले रूप बाकीच्या दोघांशी जुळत नाही, हे मुलांना खटकते. पण ‘इंग्रजी अशीच असते’ म्हणून विषय तिथेच मिटवतात. खरे तर ‘वेंट’ हे या क्रियापदाचे रूपच नव्हे. ते शेजाऱ्याकडून आणलेले आहे.

शेजारी म्हणजे ‘वेंड’. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ ‘वळणे, वळवणे’ असा होता, पुढे तो ‘वाट धरणे, जाणे’ असा झाला. सेंडचे सेंट, बेंडचे बेंट, तसे वेंडचे वेंट. ‘गो’चे जुने रूप ‘गान’. जर्मन ‘गेहेन’ आणि डच ‘खान’ ही त्याचीच भावंडे. गंमत अशी की ‘गान’लाही स्वतःचा भूतकाळ नव्हता, तिथे ‘एओडे’ हे भलत्याच धातूचे रूप चाले. म्हणजे उसनवारी आधीपासूनची, फक्त सावकार बदलला. 1500 च्या सुमारास दक्षिण इंग्लंडच्या बोलीत ‘एओडे’चे वंशज मागे पडून ‘वेंट’ स्थिरावले आणि तेच प्रमाण भाषेत आले. स्कॉटलंडच्या बोलीने मात्र सरळ ‘गे’ला प्रत्यय लावून ‘गेड’ असे रूप घडवले. भूतकाळ गमावलेल्या ‘वेंड’ला नवे ‘वेंडेड’ मिळाले, पण आता ते क्रियापद ‘वाट धरणे’ अशा ठरीव, काहीशा काव्यमय प्रयोगापुरतेच उरले आहे.

मराठी माणसाने यावर हसू नये. ‘जातो’ आणि ‘गेला’ यांचा तरी एकमेकांशी काय संबंध? ‘जा’ आला संस्कृत ‘या’ धातूपासून (याति, प्राकृत जाइ), तर ‘गेला’ आला ‘गम्’च्या ‘गत’पासून. हिंदीत जाना–गया तसेच. कोंकणीत वर्तमानात ‘वतां’ आणि भूतकाळात ‘गेलों’. फ्रेंचमधले ‘जाणे’ तर तीन वेगवेगळ्या मुळांतून जोडलेले आहे. सतत तोंडात असलेली रूपे नियमाबाहेर राहिली तरी टिकतात, कारण ती लहानपणीच पाठ होतात. यात आणखी एक उलटापालट आहे. आपल्या ‘गम्’चा सख्खा इंग्रजी नातेवाईक ‘गो’ नसून ‘कम’ आहे, म्हणजे ‘येणे’! ‘गो’चे नाते सामान्यतः संस्कृत ‘हा’ (सोडणे, निघून जाणे) या धातूशी जोडतात. ध्वनी सारखा म्हणून नाते सांगणारी हौशी व्युत्पत्ती इथे हमखास फसते.

वापरात या क्रियापदाने ‘जाणे’ कधीच ओलांडले आहे. दूध, केस, माणसाचे डोके ‘गो’ करते तेव्हा ते नासते, पिकतात, फिरते. गाय हंबरते तेही ‘गो’. ‘ऑफ’ची जोड मिळाली की अर्थ एकमेकांवरच उलटतात: गजर ‘गोज ऑफ’ म्हणजे वाजू लागला, दिवे ‘गो ऑफ’ म्हणजे विझले. ‘गोइंग टू’ हा प्रयोग आधी खरोखर कुठेतरी काही करायला निघालेल्याचा होता. 17व्या शतकापर्यंत तो निव्वळ भविष्यकाळ दाखवू लागला. आज पाऊसही ‘गोइंग टू रेन’ असतो, आणि तो कुठे निघालेला नसतो. हेतूकडे झुकणारा ‘जाणे’ मराठीतही आहे, ‘करायला गेलो एक आणि झालं भलतंच’, पण त्याचा काळ झाला नाही.

मराठी भाषकांच्या दोन चुका ठरलेल्या. घरी जायला ‘टू’ लागत नाही, तरी तो लावला जातो. दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे. ‘ही हॅज गॉन टू पुणे’ म्हणजे तो पुण्याला गेलाय, अजून तिकडेच आहे. परत आला असेल तर ‘गॉन’ चालत नाही, ‘बीन’ म्हणावे लागते. मराठीत तिथे आपण दोन्ही क्रियापदे कामाला लावतो: तो पुण्याला जाऊन आलाय.