मराठी लेआउट आणि मराठी इनपुट मेथड: कंट्रोल-सी नेमकं कुठं अडतं

लगीनसराईत राजारामपुरीतल्या एका डीटीपीच्या दुकानात मी मदतीला होतो. लिनक्सचं मशीन, लायब्रेऑफिस, इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाण कीबोर्ड मांडणीवर टायपिंग. ऑपरेटर ताईंनी वधूचं नाव निवडून कंट्रोल-सी दाबलं, पुढच्या चौकटीत माउसनं पेस्ट केलं, आणि तिथं आदल्या पत्रिकेतल्या वधूचं नाव आलं. कॉपी झालीच नव्हती. प्रूफ वाचताना सापडलं म्हणून निभावलं.

चूक ताईंची नव्हती. सेटिंगमध्ये ‘मराठी’ या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी असतात.

एक लेआउट. हे एक्सकेबीचं, म्हणजे लिनक्समधल्या कीबोर्ड-यंत्रणेचं काम. ‘सी’चं बटण दाबलं की एक्समध्ये (लिनक्सवर खिडक्या आणि कीबोर्ड सांभाळणाऱ्या यंत्रणेत) फक्त क्रमांक पोचतो, ५४. या ५४ चं अक्षर कुठलं, ते लेआउट ठरवतो: इंग्रजीत सी, इनस्क्रिप्टमध्ये म. म्हणजे प्रोग्रॅमला कंट्रोल-म मिळतं, आणि त्या नावाचा शॉर्टकट त्याच्याकडं नसतो. टर्मिनलमधून एक्सईव्ही (xev, दाबलेल्या बटणाचा क्रमांक आणि अक्षर दाखवणारा प्रोग्रॅम) चालवून स्वतः बघा. लेआउट बदलला तरी ५४ हलत नाही, अक्षर तेवढं बदलतं.

मग अनेकांच्या घरी लेआउट वापरूनही कॉपी-पेस्ट कसं चालतं? जीटीके आणि क्यूटी, म्हणजे लिनक्सवरचे अनेक प्रोग्रॅम ज्यांवर बांधलेले असतात ती टूलकिट, हे दोघंही, मराठी अक्षराला शॉर्टकट सापडला नाही तर यादीतले बाकीचे लेआउट तपासतात. तिथं इंग्रजी असेल तर ५४ वर सी सापडतो आणि काम होतं. एक्समध्ये एका वेळी चारच लेआउट बसतात, तरी गनोम हा डेस्कटॉप त्यातली एक जागा खास यूएस, म्हणजे इंग्रजी लेआउटसाठी राखतो. दुकानातल्या मशीनवर गनोम नव्हता आणि यादीत एकटा ‘इन’, म्हणजे भारतीय लेआउट होता. लेआउटची यादी ठरवणाऱ्या सेटएक्सकेबीमॅप (setxkbmap) या कमांडला ‘यूएस,इन’ (us,in) दिलं, कंट्रोल-सी लगेच चालू झालं.

दुसरी इनपुट मेथड, म्हणजे आयबस हा कीबोर्ड आणि प्रोग्रॅम यांच्यामध्ये बसणारा प्रोग्रॅम आणि त्यातलं एम१७एन हे वेगवेगळ्या भाषांचं इंजिन. इथं लेआउट इंग्रजीच राहतो. सी हा सी म्हणूनच येतो आणि आयबस वाटेत त्याचं मराठी करतं. कंट्रोल धरलेला असला की ते सहसा मध्ये पडत नाही, म्हणून शॉर्टकट शाबूत राहतात. विम या टेक्स्ट एडिटरमध्ये मात्र ओळ खोडायला नुसतं डी-डी दाबायचं असतं. तिथं कंट्रोल नाही, त्यामुळं फोनेटिक, म्हणजे उच्चारानुसार इंग्रजी अक्षरांतून मराठी टायपिंग, चालू असेल तर विमच्या हाती द पडतो. आधी मराठी बंद करायची, मगच खोडायचं.

इनस्क्रिप्ट हाताला बसलेल्यानं लेआउटच घ्यावा असं माझं ठाम मत आहे. मध्ये वेगळा प्रोग्रॅम चालू ठेवावा लागत नाही. पण ‘एम-ए’ टाइप करून म उमटवायचा असेल, तर एका बटणाला एक अक्षर देणाऱ्या लेआउटला ते जमणार नाही, तिथं इनपुट मेथडच हवी. गनोमच्या यादीत नावाच्या शेवटी एम१७एन दिसलं तर ती इनपुट मेथड.