साउथ कॅरोलायनाचे दोन धर्मप्रांत: एपिस्कोपल कोणता, अँग्लिकन कोणता?

धर्मप्रांत म्हणजे एका बिशपच्या, म्हणजे वरिष्ठ धर्मगुरूच्या, अखत्यारीतला चर्चेसचा विभाग. अँग्लिकन म्हणजे इंग्लंडच्या चर्चची परंपरा आणि एपिस्कोपल चर्च ही त्याच परंपरेतली अमेरिकेतली संस्था. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यातल्या चार्ल्स्टन शहरात एपिस्कोपल धर्मप्रांताचं कॅथेड्रल (बिशपचं मुख्य चर्च) आहे ग्रेस चर्च, तर अँग्लिकन धर्मप्रांताचं सेंट ल्यूक अँड सेंट पॉल. प्रार्थना जवळपास सारखी, दोघांची मुळं १७८५ पर्यंत जातात. नवख्या माणसाचा गोंधळ होणारच.

२०१२ पर्यंत हा धर्मप्रांत एकच होता. १७९५ मध्ये रॉबर्ट स्मिथ त्याचे पहिले बिशप झाले. १९२२ मध्ये राज्याच्या वरच्या भागाचा धर्मप्रांत वेगळा काढला, पण ती निव्वळ कारभाराची सोय होती. २०१२ ची फूट मतभेदांतून झाली. समलिंगी व्यक्तींना धर्मगुरूपदाची दीक्षा, त्यांच्या नात्याला चर्चचा आशीर्वाद, बायबलचा अर्थ, यांवरून बिशप मार्क लॉरेन्स आणि राष्ट्रीय एपिस्कोपल चर्च यांचं वर्षानुवर्षं वाजत होतं. अखेर लॉरेन्स बहुसंख्य चर्चेस घेऊन बाहेर पडले.

मग आपल्याकडे पक्ष फुटल्यावर होतं तेच झालं: नाव कुणाचं, चिन्ह कुणाचं, मालमत्ता कुणाची? सुरुवातीला नाव बाहेर पडलेल्यांकडेच राहिलं आणि मूळ संस्थेत राहिलेल्यांना दुसऱ्या नावाने दिवस काढावे लागले. २०१९ मध्ये फेडरल न्यायालयाने जुनं नाव एपिस्कोपल गटाला दिलं. तेव्हापासून दुसरा गट ‘अँग्लिकन डायोसिस ऑफ साउथ कॅरोलायना’ झाला. तो २०१७ पासून ‘अँग्लिकन चर्च इन नॉर्थ अमेरिका’ या वेगळ्या संस्थेत आहे.

इमारतींचा वाद जास्त किचकट. चर्चची मालमत्ता धर्मप्रांत आणि राष्ट्रीय चर्चसाठी विश्वस्त म्हणून सांभाळायची, असा एपिस्कोपल चर्चचा १९७९ चा नियम आहे. तो त्या त्या चर्चने स्वतःच्या कागदपत्रांत मान्य केला होता का, हे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एकेक करून तपासलं. एप्रिल २०२२ मध्ये २९ पैकी १४ चर्चेस एपिस्कोपल बाजूला गेली. ऑगस्टमध्ये फेरविचार होऊन त्यातली काही पुन्हा अँग्लिकनांकडे आली. सीब्रूक बेटावरचा सेंट ख्रिस्तोफर कॅम्प एपिस्कोपल धर्मप्रांताला मिळाला. चार्ल्स्टनची सेंट फिलिप आणि सेंट मायकल ही जुनी, नामांकित चर्चेस मात्र अँग्लिकनच राहिली. त्यामुळे इमारत जुनी म्हणजे एपिस्कोपल, हा अंदाज इथे साफ चुकतो. या निकालांत दोन्हीकडच्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्यांच्या वास्तू सोडाव्या लागल्या, याचं मला खरंच वाईट वाटतं.

नेतृत्वावरून फरक चटकन कळतो. एपिस्कोपल धर्मप्रांताने २०२१ मध्ये रूथ वुडलिफ-स्टॅनली यांना बिशप केलं. त्या इथल्या पहिल्या महिला बिशप. लॉरेन्स यांच्यानंतर अँग्लिकनांची धुरा २०२२ मध्ये चिप एडगर यांच्याकडे आली. त्याच वर्षी दोन्ही बिशपांनी उरलेले दावे वाटाघाटींनी मिटवले.