एअर रायफल घेताना पॉवर किती हे विचारू नका

2024 ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायच्या प्रकारात, ब्राँझ मेडल आणलं आणि तेव्हापासून ओळखीतले आईबाबा सारखे विचारतात, मुलीला नाहीतर मुलाला रायफल घ्यायचीय, कुठली घेऊ, आणि त्याच्या मागोमाग येणारा प्रश्न ठरलेला, हिच्यात पॉवर किती असते हो. स्वप्नील मारतो ती पॉइंट टू टू, म्हणजे काडतुसाची रायफल, तिला लायसन्स लागतं. शिकणारे सगळे सुरुवात करतात ती 10 मीटरच्या एअर रायफलवर, आपल्या साध्या भाषेत छऱ्याची बंदूक. 2016 च्या आर्म्स रूल्सप्रमाणे 4.5 मिमी बोअर (नळीचा आतला व्यास) आणि 20 ज्यूलपर्यंतच्या (ज्यूल हे ऊर्जेचं माप) एअर रायफलला लायसन्स लागत नाही, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा दिला की मिळते. आता त्या पॉवरचं सांगतो. ऑलिम्पिक लेव्हलची, काही लाखांची मॅच, म्हणजे स्पर्धेची, रायफल सुमारे 7 ते साडेसात ज्यूल एवढीच ताकद देते आणि बाजारात काही हजारांत मिळणारी स्प्रिंगची बंदूक तिच्या दुप्पट जोरात मारू शकते. मग जास्तीचे लाख कशाचे? प्रत्येक शॉट आधीच्या शॉटसारखा जावा याचे. रायफल घेणं, जुळवणं, सांभाळणं, सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं आणि माझ्या मते हे समजलं की निम्मे प्रश्न तिथेच संपतात.

आकडे घेऊन बघू. मॅचची पेलेट, म्हणजे छरा, साधारण अर्ध्या ग्रॅमची, नळीतून सेकंदाला 170 मीटरच्या आसपास वेगाने निघते, 10 मीटर जायला तिला अंदाजे 0.06 सेकंद लागतात. एवढ्याशा वेळात गुरुत्वाकर्षण तिला जवळजवळ 18 मिमी खाली ओढतं. टार्गेटवरचा 10 चा ठिपका किती, तर 0.5 मिमी! पण 18 मिमी पडते याचा त्रास काहीच नाही, साइट, म्हणजे नेम धरायचं साधन, एकदा सेट केली की ते भरून निघतं, त्रास होतो फरकाचा. समजा एक शॉट 170 ने गेला आणि पुढचा 168 ने, तर दुसरी पेलेट साधारण 0.4 मिमी जास्त खाली लागते. आताच्या डेसिमल स्कोअरिंगमध्ये, म्हणजे दशांशात गुण मोजायच्या पद्धतीत, एक दशांश म्हणजे 0.25 मिमी, म्हणजे तुमचा हात दगडासारखा स्थिर असला तरी नुसत्या वेगाच्या फरकाने दीड दशांश गेला, आणि मॅच असते 60 शॉटची. 2004 ला क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत आपली नेमबाज सुमा शिरूर हिने क्वालिफिकेशनमध्ये 400 पैकी 400 मारले होते. 40 शॉट, 40 वेळा दहा. तेव्हा पूर्ण आकड्यांत स्कोअर धरायचे, पण रायफल आणि माणूस दोघांनी 40 वेळा तेच करून दाखवलं हे विसरता येत नाही.

हा सारखेपणा हवेतून काढायचा कसा, हा जुना प्रश्न आहे. 1780 च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्याने जिरार्दोनी नावाची हवेची रायफल वापरायला घेतली होती, वीस एक गोळ्या एकापाठोपाठ एक मारता यायच्या, तीही त्या काळात जेव्हा बाकीचे एकेक गोळी ठासून भरत बसायचे. अमेरिकेत पश्चिमेचा प्रदेश शोधायला निघालेल्या लुईस आणि क्लार्कच्या मोहिमेत अशी एक रायफल सोबत होती आणि वाटेतल्या लोकांना ती मारून दाखवायचे. हिची हवेची टाकी म्हणजेच दस्ता, खांद्याला टेकणारा मागचा भाग, ती भरायला पंप सुमारे 1500 वेळा मारावा लागायचा. पण प्रत्येक शॉटनंतर टाकीतला दाब कमी व्हायचा, त्यामुळे पहिली गोळी आणि शेवटची गोळी यांच्या जोरात बराच फरक. याच अडचणीवर आजचा उपाय म्हणजे रेग्युलेटर. पीसीपी रायफलच्या, म्हणजे आधीच हवा भरून ठेवलेल्या रायफलच्या सिलेंडरमध्ये 200 बार (बार हे दाबाचं माप) दाब असतो, रेग्युलेटर तो साधारण 70 बारच्या आसपास आणून एका छोट्या कप्प्यात देतो आणि ट्रिगर दाबला की तेवढीच मापलेली हवा पेलेटच्या मागे जाते. सिलेंडर 200 वर असो की 110 वर, पेलेटला कळतही नाही. एका भरण्यात दोनशेच्या वर शॉट आरामात होतात.

मध्ये एक काळ सीओटू वायूच्या रायफली होत्या. त्यात वायू द्रवरूपात असतो आणि त्याचा दाब तापमानावर ठरतो, 20 अंशाला 57 बार तर 30 अंशाला 72 बार, आणि 31 अंशाच्या वर तो द्रव राहतच नाही. जर्मनीतल्या एसी हॉलमध्ये ठीक आहे, नागपूरच्या मे महिन्यात काय करणार? जुनी सीओटू रायफल कोणी स्वस्तात देत असेल तर हे लक्षात ठेवा.

आता स्प्रिंगची रायफल, कारण घरात पहिली तीच येते. भारतात ही परंपरा जुनी आहे, वालचंद हिराचंद यांची इंडियन ह्यूम पाइप कंपनी पाइपांबरोबर एअर रायफलीही बनवायची आणि आज महाराष्ट्रातलीच प्रेसिहोल ही कंपनी आहे. हिचं आतलं काम असं, नळी मोडून, म्हणजे बिजागरीवर खाली वाकवून, तुम्ही स्प्रिंग दाबता, ट्रिगर सुटला की स्प्रिंग एक जड पिस्टन पुढे ढकलते, पिस्टन समोरची हवा क्षणात दाबतो आणि ती हवा पेलेटला फेकते. म्हणजे पेलेट नळीत असतानाच आत एक लोखंडी तुकडा धावतोय! पिस्टन पाव किलोचा धरा, 8 सेंमी पुढे जातो, रायफल 3 किलोची, तर संवेगाच्या नियमाप्रमाणे रायफल मागे सरकते जवळजवळ साडेसहा मिमी, आणि ते बहुतेक सगळं पेलेट बाहेर पडायच्या आधी. हेच गणित पीसीपीचं केलं तर अर्ध्या ग्रॅमच्या पेलेटने 5 किलोची रायफल नळीभर प्रवासात 0.05 मिमीपण हलत नाही. म्हणून स्प्रिंगच्या रायफलला घट्ट आवळून धरलं की नेम बिघडतो. आज थोडं जास्त दाबलं, उद्या थोडं कमी, की सरकायची तऱ्हा बदलली आणि ग्रुप, म्हणजे कागदावर जवळजवळ पडलेल्या भोकांचा पुंजका, फुटला, तेव्हा तळहातावर ती नुसती ठेवायची, मनासारखी सरकू द्यायची आणि दर वेळी हात त्याच जागी. मुलांना हे सांगूनही पटत नाही, पाच शॉट आवळून आणि पाच शॉट हलक्या हाताने मारायला लावले आणि दोन्ही कागद शेजारी ठेवले की पटतं.

याच पिस्टनमुळे देखभालीतल्या दोन गोष्टी अगदी सक्त. पेलेट न घालता स्प्रिंगची रायफल मारायची नाही, कारण पुढे हवेची गादी तयार होत नाही आणि पिस्टन थेट धातूवर आदळतो, सील आणि स्प्रिंग दोन्ही जातात. आणि हवेच्या कप्प्यात तेल सोडायचं नाही. अचानक दाबलेली हवा शेकडो अंश तापते, तिथे तेलाचा थेंब असला की डिझेल इंजिनात होतं तेच होतं, तो पेटतो. नळीतून धूर आणि नेहमीपेक्षा मोठा आवाज आला तर लोकांना वाटतं वा काय ताकद वाढली, खरं तर सील जळत असतं आणि वेगाचा काही भरवसा राहत नाही. नळी मोडलेली असताना एक हात नळीवर पक्का ठेवूनच पेलेट घाला, ट्रिगर चुकून सुटला तर नळी बोटांवर येते.

पीसीपीला तेलाचं भय आणखी जास्त, 200 बारच्या हवेत भरणीच्या तोंडाला साधं ग्रीस किंवा तेल लावलं तर आग लागू शकते, तिथे कंपनीने सांगितलेलंच वंगण, तेही नावापुरतं. भरताना घाई करू नका. भसकन भरलं की हवा तापते, समजा सिलेंडरची हवा 60 अंशावर असताना काटा 200 दाखवतोय, ती 30 अंशावर आली की काटा 182 वर येतो आणि मग लीक आहे म्हणून दुकानात फेऱ्या सुरू होतात. हातपंपाने भरत असाल तर कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हवेबरोबर बाष्पही आत जातं, दाबाखाली त्याचं पाणी होतं आणि रेग्युलेटरपर्यंत पोचतं, त्यामुळे ओलावा शोषणारा फिल्टर असलेलाच पंप घ्या.

जुळवणीबद्दल फार कोणी बोलत नाही आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. रायफल खोक्यातून आली की स्टॉक (दस्ता), बट प्लेट (खांद्याला टेकणारी पट्टी), चीक पीस (गाल टेकवायचा भाग), पीप साइट (डोळ्याजवळचं भोकाचं साइट) हे सगळं मुलाच्या अंगाप्रमाणे बसवावं लागतं. डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची, गाल टेकवायचा, मग डोळे उघडायचे आणि पीप साइटचं गोल भोक आणि पुढची रिंग एकात एक दिसायला हवी, मान न ताणता. दिसत नसेल तर चीक पीस हलवायचा, मान नाही. नळी आणि स्टॉक जोडणारे स्क्रू टॉर्कच्या पान्यानेच, म्हणजे ठरवलेल्या जोरालाच आवळणाऱ्या पान्याने, मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्याला आवळा, अंदाजाने नको. लाकडी स्टॉक पावसाळ्यात फुगतो, स्क्रूचा ताण बदलतो आणि ग्रुप हळूच एका बाजूला सरकतो. लोक साइट फिरवत बसतात, आधी स्क्रू बघा. आतला ट्रिगर युनिट आणि रेग्युलेटर मात्र घरी उघडू नका, ते सर्व्हिसवाल्याचं काम आहे.

पेलेट्स घेताना डब्यावर हेड साइज लिहिलेली असते, 4.49, 4.50, 4.51 अशी. पेलेट शिशाची आणि मधे कंबर असलेली, मागची पातळ कडा हवेच्या दाबाने फुगून नळीच्या आट्यांत, म्हणजे आतल्या पेचदार खाचांत, बसते, पुढचं डोकं सपाट म्हणून कागदात स्वच्छ गोल भोक पडतं. तुमच्या नळीला कुठली आवडते हे फक्त मारूनच कळतं. मोठे शूटर रायफल शिकंज्यात बांधून वेगवेगळ्या लॉटचे (एकाच खेपेत बनलेल्या पेलेट्सचे) ग्रुप काढतात आणि जो लॉट जमला त्याचे डबेच्या डबे उचलतात. घरी तेवढं नाही जमलं तरी दोनतीन साइजचे डबे टेकून मारून बघता येतात. आणि नळी रोज घासू नका, शिसं मऊ, नळी पोलादाची, ती झिजते ती चुकीच्या रॉडने. फेल्टच्या साफसफाईच्या पेलेट्स अधूनमधून मारल्या की भागतं, नळीच्या तोंडाची कड जपा, तिथे बारीक टवका उडाला तरी पेलेट बाहेर पडताना तिला एका बाजूने हवेचा धक्का बसतो.

शिशाचं मात्र हलक्यात घेऊ नका, विशेषतः लहान मुलं असतील तर. पेलेट तोंडात धरून लोड करणारी पोरं मी बघितली आहेत, त्यांना तिथल्या तिथे थांबवतो. मारून झालं की साबणाने हात धुवायचे आणि मगच जेवणाचा डबा उघडायचा. डोळ्याला चष्मा हवा, आणि मागे पेलेट अडवणारी पेटी हवी, उघडी भिंत नको, सपाट दगडावरून शिसं परत येतं. साडेसात ज्यूल डोळ्यासाठी खूप झाले. रायफल वापरात नसेल तेव्हा रिकामी, कुलुपात.

सेकंडहँड मॅच रायफल घेत असाल तर, आणि बरेच जण घेतात, त्यात काही वावगं नाही, आधी सिलेंडरवर कोरलेली तारीख वाचा. कंपन्या सिलेंडरचं आयुष्य साधारण 10 वर्षं धरतात. 200 बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे 200 किलोचा भार, तो दर भरण्याला येतो आणि जातो, धातू थकतो. तारीख उलटली असेल तर नव्या सिलेंडरची किंमत सौद्यातून वजा करून मागा, विकणारा नको म्हणाला तर दुसरी रायफल बघा.