दुर्मीळ सिक्लिड पालन (नागपूर)

दुकानात सहज न मिळणारे सिक्लिड कुळातले मासे शोधून, मागवून घरच्या काचेच्या टाकीत पाळण्याचा छंद. या कुळात १,७०० हून अधिक जाती आहेत. खाण्यासाठी विकला जाणारा तिलापिया याच कुळातला, आणि कोकणातले काळुंदरही. ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न हे नेहमीचे मासे इथे मोजले जात नाहीत. फ्लॉवरहॉर्न हा तर १९९० च्या दशकात मलेशियात संकरातून घडवलेला मासा. घरात भरभराट आणतो म्हणून तो विकला जातो, पण मुळात तो जगातल्या कुठल्याही नदीतला नाही. शौकिनांचा ओढा असतो तो मुख्यतः आफ्रिकेतल्या टांगानिका आणि मलावी सरोवरांतल्या जातींकडे: ट्रोफियस, फ्रंटोसा, डेमासोनी आणि शंखात राहणारा जेमतेम दीड-दोन इंचांचा मल्टिफॅसिएटस.

पाण्याच्या बाबतीत नागपूरकर नशीबवान. मलावीच्या पाण्याचा पीएच साधारण ७.७ ते ८.६ असतो, टांगानिकाचा ९ च्या आसपास. म्हणजे दोन्ही पाणी अल्कधर्मी. शहरातल्या ज्या विहिरी-बोअरच्या जड पाण्याने बादलीला पांढरा थर धरतो आणि गिझरचे कॉइल जाते, ते या माशांना मानवते. अमेझॉनच्या मऊ पाण्यातला डिस्कस पाळणाऱ्याला आरओचे पाणी आणावे लागते, इथे तो खटाटोप नाही. नळाचे पाणी वापरायचे तर क्लोरीन आधी काढावे लागते. मात्र अल्कधर्मी, कोमट पाण्यात माशांनी टाकलेला अमोनिया जास्त विषारी ठरतो. त्यामुळे नवी टाकी भरली की चार-सहा आठवडे अमोनिया पचवणारे जिवाणू रुजू द्यावे लागतात. ‘आज टाकी, उद्या मासे’ ही घाई इतर माशांत एखादेवेळी खपते, ट्रोफियसमध्ये नाही.

खरी परीक्षा मे महिन्यात. बाहेर पारा ४५ अंशांवर गेला की बंद खोलीतली टाकी ३२-३३ ला पोचते, आणि टांगानिकाच्या माशांना २४ ते २७ पुरे असते. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३२ ला ७.३ च. त्यात माशाची गरज उष्णतेने वाढलेली. यावरचा स्वस्त उपाय कूलरच्याच तत्त्वावरचा आहे: झाकण काढून पाण्याच्या पृष्ठभागावर वारा येईल असा छोटा पंखा लावायचा. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात एवढ्यानेही पाणी दोन-तीन अंश उतरते. जुलैच्या दमट हवेत तोच पंखा निकामी. उडून गेलेले पाणी मात्र आरओच्या पाण्याने भरावे, कारण क्षार टाकीतच राहतात. वीज गेली तर पंप चालू राहावा म्हणून बॅटरीवरचा एअर पंप घरात हवाच. डिसेंबर-जानेवारीत उलटे, तेव्हा हीटर.

खरेदीत फसगत फार. ‘आफ्रिकन मिक्स’ म्हणून एकाच टाकीतून विकली जाणारी पिल्ले बहुधा संकरित असतात, मोठी झाली की कुठल्याच जातीची दिसत नाहीत. पीकॉक या मलावीतल्या सिक्लिडच्या लहान पिल्लांवर भडक रंग दिसला तर संप्रेरके दिल्याची शंका घ्यावी. घरी आल्यावर काही आठवड्यांत ती फिकी पडतात. ट्रोफियस डुबोईसीचे उलट आहे. पिल्लू काळेभोर, अंगभर पांढरे ठिपके. लोक त्या ठिपक्यांवर भाळून घेतात आणि वाढत्या वयात ठिपके जाऊन निळसर डोके व फिकट पट्टा उरला की मासा आजारी पडला समजून दुकानदाराशी भांडतात. जाणकार जातीचे पूर्ण नाव विचारतो, शक्य तर आई-बापांची टाकी बघतो, आणि एकेक जोडी न घेता दहा-बारा पिल्लांचा घोळका उचलतो. मोजके ट्रोफियस ठेवले तर दादा मासा बाकीच्यांना कोपऱ्यात कोंडून मारतो. गर्दीत त्याचा राग वाटला जातो.

चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत अडीचशे लिटर पाणी मावते. दगड धरून वजन तीनशे किलोंच्या वर जाते, तेव्हा ती टीव्हीच्या टेबलावर ठेवायची वस्तू नव्हे. तळाला चाळून, पाणी नितळ येईपर्यंत धुतलेली कन्हान नदीची रेती चालते. शंखवासी माशांसाठी धानाच्या बांधीतल्या गोगलगाईंचे रिकामे शंख उकळून टाकतात. नर-मादी शंखाभोवतीची रेती तोंडाने उपसून खड्डा करतात आणि हात घातला की बोटावरही धावून येतात. ट्रोफियसचे आतडे लांब, शेवाळ पचवणारे. त्याला ब्लडवर्म (लाल अळ्या) किंवा मांसाचे खाद्य दिले की पोट फुगून तो दगावतो. द्यायचे ते स्पिरुलिना या नीलहरित शेवाळाचे खाद्य, थोडे थोडे.

मलावीच्या बहुतेक जातींत मादी अंडी तोंडात उबवते. तिची हनुवटी खाली लोंबते, गालफडे सतत हलतात, आणि सुमारे तीन आठवडे ती जवळपास उपाशीच असते. अशा वेळी टाकी हलवू नये. घाबरली तर ती पिल्ले थुंकते किंवा गिळते. जास्तीची पिल्ले ओळखीच्यांत वाटावीत, फुटाळा-अंबाझरी तलावांत सोडू नयेत. १९५२ साली भारतात आणलेला तिलापिया तलावांतून आजवर कुणाला काढता आलेला नाही.