रक्तदाब कमी असताना हृदयाची औषधं

हृदयविकारावरची बरीचशी औषधं रक्तदाब खाली आणतात. काहींचं कामच ते, काहींचा तो जोडीने येणारा परिणाम. त्यामुळे वरचा आकडा मुळातच ९० च्या खाली असेल तर औषध लिहिताना डॉक्टर थबकतात.

सगळ्यात झटपट दाब पाडते ती जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरीनची गोळी. ती मुख्यतः शिरा सैल करते. रक्त तिथेच साठून राहतं, हृदयाकडे कमी परततं, त्याच्यावरचा भार उतरतो आणि छातीतलं दुखणं शमतं. पण दाब आधीच कमी असेल, तर पुढे ढकलायला हृदयात पुरेसं रक्तच उरत नाही. हृदयविकाराचा झटका उजव्या कप्प्याला बसला असेल तर धोका आणखी मोठा, कारण तो कप्पा परतणाऱ्या रक्ताच्या भरवशावरच कसाबसा चालत असतो. पुरुषांच्या लैंगिक ताठरतेसाठीच्या गोळ्यांपैकी सिल्डेनाफिल घेतल्यावर किमान २४ तास आणि टॅडालाफिल घेतल्यावर ४८ तास ही गोळी वर्ज्य. रुग्ण संकोचापोटी हे सांगत नाहीत आणि घाईत विचारायचंही राहून जातं. दुसऱ्याच्या डबीतली गोळी आपल्या जिभेखाली ठेवणं म्हणूनच वेडं धाडस.

हृदय दुबळं झालेल्या, म्हणजे हार्ट फेल्युअरच्या रुग्णांचं गणित मात्र उलटं आहे. हृदयाची गती मंदावणारे बीटा ब्लॉकर, रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या रामिप्रिलसारखी औषधं दाब उतरवतात, पण आयुष्यही वाढवतात. आकडा ९५ असूनही चक्कर नाही, लघवी नीट होते, हातपाय गरम आहेत, तर डॉक्टर ती सहसा चालूच ठेवतात. त्रास होत असेल तर आधी नजर जाते इतर औषधांकडे: सूज ओसरल्यावरही चालू राहिलेली लघवीची गोळी, रक्तदाबाचं अ‍ॅमलोडिपिन, प्रोस्टेटसाठीचं टॅम्सुलोसिन. व्हेरापामिल आणि डिल्टियाझेम ही रक्तदाब आणि हृदयाची गती उतरवणारी औषधं तर अशा दुबळ्या हृदयासाठी टाळलीच जातात.

आकडा पाहून घाबरून गोळ्या स्वतःच बंद करणं हे मला सर्वांत घातक वाटतं. बीटा ब्लॉकर अचानक तोडला तर छातीतलं दुखणं उसळतं, झटकाही येऊ शकतो.

दाब बसून मोजला, तसा उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आतही मोजावा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने घसरला तर डॉक्टरांना कळवावं. जुलाब-उलट्या होत असतील तर त्याच दिवशी फोन करावा. शरीरातलं पाणी घटलेलं असताना लघवीची गोळी आणि रामिप्रिल दोन्ही चालू राहिली, तर मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. कोणती गोळी किती दिवस थांबवायची, हे डॉक्टरच सांगतील.